किती मांजरे म्हणजे फार झाली?

फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसरमधल्या एका सोसायटीची बातमी पुण्यात घरोघरी वाचली गेली. साडेतीन बीएचकेचा फ्लॅट आणि त्यात तीनशेहून अधिक मांजरे! दुर्गंधी आणि सततच्या ओरडण्याला कंटाळून रहिवाशांनी तक्रार केली, पथक पाहणीला गेले आणि मांजरे योग्य जागी हलवण्याची नोटीस निघाली. समाजमाध्यमांवर विनोदांना ऊत आला. कोणी त्या घराला नावे ठेवली, कोणी शेजाऱ्यांना भूतदयेचे धडे दिले. चार दिवसांनी विषय मागे पडला.

त्या बातमीतला एक तपशील मात्र विनोदाच्या गदारोळात हरवला. रहिवाशांच्या सांगण्यानुसार २०२० च्या सुमारास त्या घरात पन्नासेक मांजरे होती. म्हणजे पाच वर्षांत सहापट. तीनशे मांजरे कोणी एका दिवसात घरी आणत नाही. पार्किंगमध्ये भिजत बसलेले पिल्लू येते, कोणीतरी दारात ठेवून गेलेले खोके येते, घरातलीच मांजरी विते. दर वेळी मनात एकच विचार असतो, ‘एवढ्याशा जिवाने काय फरक पडणार आहे?’

हडपसरच्या त्या घराबद्दल निवाडा करण्याचा हा प्रयत्न नाही. कोथरूड, सिंहगड रोड, कात्रज, विमाननगर अशा कोणत्याही भागात आज चार, सात, बारा मांजरे असलेली घरे आहेत. तिथली माणसे प्रेमळ असतात, स्वतःच्या पोटाला चिमटा काढून प्राण्यांना खाऊ घालतात. प्रश्न त्यांच्या मायेचा नाही. माणसाची माया कितीही मांजरांना पुरेल, पण वेळ, पैसा, जागा आणि घरातली हवा यांना मोजमाप असते. हे मोजमाप केव्हा ओलांडले जाते, ते आधीच ओळखता येते का? येते. त्यासाठी थोडा हिशेब आणि थोडे जीवशास्त्र पुरते.

पोटाचा हिशेब

घरात राहणाऱ्या, चार किलो वजनाच्या मोठ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. पाकिटातल्या कोरड्या कॅटफूडच्या भाषेत हे झाले सुमारे ६० ग्रॅम, म्हणजे महिन्याला १.८ किलो. किलोला ३५० रुपये धरले तर ६३० रुपये. लिटरसाठी, म्हणजे शी-शूच्या ट्रेमधल्या मातीसाठी, महिन्याला ३५० रुपये धरू. वर्षाच्या लसींचे १,५०० रुपये बाराने भागले तर १२५. जंत आणि गोचीड-पिसवांच्या औषधांचे ९५. बेरीज झाली १,२०० रुपये. या रकमा हिशेबापुरत्या धरल्या आहेत. आपल्या दुकानाचे आणि आपल्या डॉक्टरांचे दर घालून प्रत्येकाने स्वतःची बेरीज करावी.

एका मांजराचे १,२०० रुपये मध्यमवर्गीय घराला जड नाहीत. तिघांचे ३,६०० होतात, दहांचे १२,०००. घरात नीट सांभाळलेले मांजर १२ ते १५ वर्षे सहज जगते. पंधरा वर्षांचा हिशेब आजच्याच भावाने केला, तरी एका मांजरामागे २ लाख १६ हजार रुपये होतात. यात नसबंदी नाही, आजारपण नाही आणि म्हातारपणही नाही. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा आजार अगदी नेहमीचा आहे. तो एकदा लागला की रक्ताच्या तपासण्या, सलाईन, वेगळे खाणे हा खर्च शेवटपर्यंत चालतो. एकाच वर्षी आणलेली पाच पिल्ले एकाच सुमारास म्हातारी होतात, हेही लक्षात ठेवायला हवे.

तीनशे मांजरांचे गणित याच सूत्राने मांडले तर रोज १८ किलो आणि महिन्याला ५४० किलो कॅटफूड लागेल. त्याचेच १ लाख ८९ हजार रुपये होतात.

पैसे कमी पडू लागले की पहिली कात्री खाण्याला लागते. कॅटफूडमध्ये भात मिसळला जातो, मग दूध-पोळी येते, कधी स्वस्त म्हणून कुत्र्यांचे खाणे येते. मांजर हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याच्या शरीरात गरजेपुरते तयार होत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळावे लागते. टॉरिन कमी पडले तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७० च्या दशकात कळले होते. हृदय पसरून निकामी होते, हे १९८७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले आणि त्यानंतर कॅटफूडमधले टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. कुत्र्याचे शरीर टॉरिन बनवू शकते, म्हणून कुत्र्यांच्या खाण्यात ते मांजराला पुरेल एवढे असेलच असे नाही. दुधाचे सांगायचे, तर बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. म्हणजे पोट भरलेले दिसते, पण आतून मांजर पोखरत जाते.

पंधरा मिनिटे आणि अठरा चौरस फूट

पैशांचा हिशेब निदान लोक करतात. वेळेचा कोणी करत नाही. प्राण्यांचे निवारे चालवणाऱ्यांसाठी अमेरिकेत एक ढोबळ नियम वापरला जातो. एका प्राण्याची जागा साफ करणे आणि त्याला खाऊ घालणे, एवढ्या दोनच कामांसाठी दिवसाला किमान १५ मिनिटे धरावीत. खेळणे, कुरवाळणे, औषध देणे, डॉक्टरकडे नेणे यात आलेले नाही. तीन मांजरांना पाऊण तास, दहांना अडीच तास, तीसांना साडेसात तास. म्हणजे तीस मांजरे ही जवळजवळ पूर्णवेळ नोकरी झाली, आणि तिला रविवारची सुट्टी नाही. तीनशे मांजरांना रोज ७५ तास लागतील. त्यासाठी आठ तासांच्या पाळीत काम करणारी नऊ-दहा माणसे हवीत.

जागेचाही असाच हिशेब आहे. एकत्र ठेवलेल्या मांजरांसाठी दर मांजरामागे किमान १८ चौरस फूट मोकळी जागा हवी, असे अमेरिकेतील निवारा-पशुवैद्यांच्या संघटनेने २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. तीनशेला ५,४०० चौरस फूट लागतील आणि त्यात माणसांचा पलंग, कपाट, स्वयंपाकाचा ओटा धरलेला नाही. घरगुती पातळीवर याहून सोपी खूण म्हणजे लिटर बॉक्सची संख्या. जितकी मांजरे, त्याहून एक ट्रे जास्त, असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण सल्ला असतो. तीन मांजरांना चार ट्रे. दहांना अकरा. वन बीएचकेमध्ये अकरा ट्रे कुठे ठेवणार, याचे उत्तर नसेल तर त्या घराची मर्यादा दहाच्या बरीच अलीकडे आहे.

वेळ कमी पडण्याचा खरा परिणाम साफसफाईपुरता राहत नाही. मांजर आजार लपवते. आजारी मांजराची पहिली खूण म्हणजे ते जेवत नाही, आणि दुसरी म्हणजे ट्रेमध्ये काहीतरी बदलते. घरात दोन मांजरे असतील तर एकाची वाटी भरलेली राहिली, हे संध्याकाळी लक्षात येते. दहांसाठी दोन परातींत खाणे ओतले तर कोण जेवले आणि कोण कोपऱ्यात बसून राहिले, हे कळत नाही. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून ते दगावू शकते. बोक्याचा मूत्रमार्ग खड्याने बंद झाला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. ‘काल तर चांगला होता’ असे मालक सांगतो, पण काल तो नीट दिसलाच नव्हता, अशी स्थिती असते.

पासष्ट दिवसांची गोष्ट

आता सर्वांत महत्त्वाचे गणित. मांजरी चार ते सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. गर्भ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो. एका वेळी साधारण चार पिल्ले होतात. पिल्ले अंगावर पीत असतानाही काही आठवड्यांत ती पुन्हा माजावर येऊ शकते. मांजरांचा प्रजननाचा हंगाम दिवसाच्या लांबीशी जोडलेला असतो. आपल्याकडे हिवाळ्यातही दिवस फारसा लहान होत नाही, त्यात घरातले दिवे रात्री उशिरापर्यंत चालू असतात. त्यामुळे हा हंगाम जवळजवळ वर्षभर चालतो. भाऊ-बहीण, आई-मुलगा असा भेद मांजरांत नसतो.

समजा, दिवाळीत दोन महिन्यांची दोन पिल्ले घरी आणली. एक बोका, एक मांजरी. ‘अजून लहान आहेत, नसबंदी नंतर करू’ असे ठरले. फेब्रुवारीत मांजरी माजावर येते, एप्रिलमध्ये चार पिल्ले होतात. सहा झाली. जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा चार. दहा झाली. तोवर एप्रिलमधल्या माद्या सहा महिन्यांच्या होतात. पुढच्या दिवाळीला घरात दहा मांजरे असतात आणि त्यातल्या दोघी-तिघी गाभण असतात. यात बाहेरून एकही मांजर आणलेले नाही.

पन्नास मांजरांत निम्म्या माद्या धरल्या, प्रत्येकीला वर्षात दोनदा चार-चार पिल्ले झाली, तर एका वर्षात दोनशे पिल्ले होतात. या वेगाशी तुलना केली तर पाच वर्षांत सहापट वाढ मंदच म्हणावी लागेल. प्रत्यक्षात कोणत्याही गर्दीत कागदावरच्या गणिताएवढी वाढ होत नाही, कारण गर्दीत जन्मलेली पिल्ले मोठ्या प्रमाणात मरतात. वाढती संख्या सर्वांना दिसते. मरणारी पिल्ले सहसा कोणाच्या मोजणीत येत नाहीत.

म्हणून पशुवैद्य पाच महिन्यांच्या आत नसबंदीचा आग्रह धरतात. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, नाहीतर मांजरीला त्रास होतो’ या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. उलट सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींत स्तनांच्या कर्करोगाचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी होतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. घरात आधीच अनेक मांजरे असतील आणि पैसे मोजकेच असतील, तर आधी माद्यांची नसबंदी करावी आणि तोवर बोके वेगळ्या खोलीत ठेवावेत. एक बोका अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे दहापैकी नऊ बोक्यांची नसबंदी करूनही पिल्ले थांबत नाहीत.

गर्दी हाच आजार

दोन मांजरांत एकच जोडी असते. पाचांत दहा जोड्या होतात, दहांत ४५, तीसांत ४३५. तीनशेमध्ये ४४ हजार ८५०. मांजरे वाढतात त्याहून कितीतरी वेगाने त्यांचे एकमेकांशी संबंध वाढतात, आणि विषाणू याच संबंधांवर स्वार होऊन फिरतो. दहा मांजरांचा औषधपाण्याचा खर्च एकाच्या दसपट असेल हा अंदाज त्यामुळे चुकतो. एकाला गजकर्ण झाले की सर्वांना औषध, सर्व गाद्या-पडदे धुणे आणि कित्येक आठवडे ही झुंज चालू ठेवणे आले.

मांजर मूळचे एकट्याने शिकार करणारे. कळपात राहणे त्याच्या स्वभावात कुत्र्याएवढे नाही. जागेवरून, वाटीवरून, ट्रेवरून होणारी रोजची ओढाताण त्याला ताण देते. मांजरांमधला हर्पिस विषाणू एकदा शरीरात शिरला की बहुधा कायम दबून राहतो आणि ताण आला की पुन्हा डोके वर काढतो. डोळ्यांतून पाणी, शिंका, चिकटलेल्या पापण्या. गर्दीच्या घरात सर्दी हटत नाही, त्यामागे बहुतेकदा हेच कारण असते. औषध दिले जाते, गर्दी मात्र तशीच राहते.

पॅनल्युकोपेनिया हा मांजरांचा पार्व्होसारखा आजार. लस न घेतलेल्या पिल्लांना उलट्या-जुलाबांनी दोन-चार दिवसांत तो संपवतो. त्याचा विषाणू फरशीवर, कपड्यांवर, ट्रेवर महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनेलने मरत नाही. त्यासाठी योग्य प्रमाणात पातळ केलेले ब्लीच लागते. मांजरांचा स्वतःचा एक कोरोना विषाणूही आहे. तो माणसाला होत नाही. सामाईक ट्रेमधून तो अनेक मांजरे असलेल्या घरात जवळजवळ सर्वांना गाठतो. बहुतेकांना काही होत नाही, पण थोड्या मांजरांत तो बदलतो आणि एफआयपी हा जीवघेणा आजार होतो. पोटात पाणी भरते, ताप उतरत नाही. पूर्वी तो हमखास प्राणघातक होता. आता विषाणुरोधक औषधांनी बरीच मांजरे वाचतात, मात्र उपचार साधारण ८४ दिवस चालतो आणि खिशाला फार जड जातो.

घरातल्या माणसांचे काय?

एक मांजर दिवसाला साधारण ८० मिलिलिटर लघवी करते. तीनशे मांजरांची रोज २४ लिटर होते. लघवीतल्या युरियाचे जिवाणू विघटन करतात आणि अमोनिया वायू तयार होतो. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, खोकला, दम्याचा त्रास वाढणे हे त्याचे परिणाम. कामगारांसाठी अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थेने अमोनियाची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग अशी सुचवली आहे, तीही कामाच्या पाळीपुरती. घरात माणूस रात्रंदिवस राहतो आणि मांजरे जमिनीलगत, ट्रेच्या अगदी शेजारी श्वास घेतात.

यातली विचित्र गोष्ट अशी की, त्या घरात राहणाऱ्याला वास येईनासा होतो. सतत एकच वास आला की नाकाची आणि मेंदूची त्याला सवय होते. लिफ्टमधून बाहेर पडताच शेजाऱ्याला मळमळते आणि आत राहणारी व्यक्ती मनापासून म्हणते, ‘कुठे येतो वास?’ ती खोटे बोलत नसते. म्हणून आपल्या घराची हवा कशी आहे हे स्वतःच्या नाकाला विचारू नये. महिन्यातून एकदा येणाऱ्या, स्पष्ट बोलणाऱ्या नातेवाइकाला विचारावे.

मांजरांच्या लाळेत आणि त्वचेत असलेल्या एका प्रथिनामुळे ॲलर्जी होते. त्याचे कण इतके हलके असतात की तासन् तास हवेत तरंगतात. एका मांजराबरोबर जेमतेम निभावणाऱ्या दमेकऱ्याला पाच मांजरे सोसत नाहीत. गजकर्ण मांजरांकडून लहान मुलांना सहज होते.

टोक्सोप्लाझ्मा या परजीवीबद्दल गर्भवतींच्या मनात भीती असते. मांजर हा परजीवी सहसा आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे शीमधून बाहेर टाकते. बाहेर पडलेली अंडी एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात. म्हणजे ट्रे रोज साफ झाला तर धोका खूप कमी होतो. घरात राहणारे, कच्चे मांस न खाणारे एक प्रौढ मांजर असेल, तर गर्भवतीला ते घराबाहेर काढण्याची गरज नाही. ट्रे दुसऱ्याने साफ करावा, एवढे पुरते. पण बाहेरून येणारी नवनवी पिल्ले आणि तीन-तीन दिवस तसेच पडून राहणारे ट्रे असतील, तर हे संरक्षण नाहीसे होते.

चावा आणि ओरखडा या गोष्टी गर्दीत वाढतात. मांजराचे दात सुईसारखे असल्याने जखम बाहेरून क्षुल्लक दिसते आणि आत खोलवर जंतू जातात. हात सुजून लाल होण्यास एक दिवसही पुरतो. रेबीजचा धोका प्रामुख्याने कुत्र्यांकडून असला तरी मांजराकडूनही असतो, आणि लक्षणे दिसल्यावर रेबीजवर उपाय नाही. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. ‘घरचेच मांजर आहे’ हे उत्तर त्या मांजराला रेबीजची लस दिलेली असेल तरच उपयोगाचे, आणि तेव्हाही डॉक्टरांचा सल्ला घेतलेला बरा.

कुत्र्यांच्या बाबतीतही गोष्ट वेगळी नाही. पुण्यातच, कोंढव्यात, २०२२ मध्ये वीसहून अधिक कुत्रे असलेल्या एका घरातून एका मुलाची सुटका करावी लागली होती. प्राण्यांची संख्या हाताबाहेर गेली की घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत म्हाताऱ्या माणसाला त्याची झळ आधी बसते.

थांबता का येत नाही?

अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. गॅरी पॅट्रोनेक यांनी १९९९ मध्ये अशा ५४ प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्राणी साठवणारे, असा शब्द त्यासाठी रूढ झाला. त्यांच्या अभ्यासात ७६ टक्के व्यक्ती स्त्रिया होत्या आणि जवळजवळ निम्म्या साठी ओलांडलेल्या होत्या. ८० टक्के प्रकरणांत प्राणी मेलेले किंवा वाईट अवस्थेत आढळले. तरीही बहुसंख्य लोक काही बिघडले आहे हेच मान्य करत नव्हते. संख्या किती, यावर ही व्याख्या ठरत नाही. प्राण्यांचे हाल होत असताना ते न दिसणे आणि तरीही नवे प्राणी येत राहणे, ही तिची खूण आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने साठवण्याच्या विकाराला स्वतंत्र आजाराचे स्थान दिले, त्यात प्राणी साठवण्याचाही उल्लेख आहे.

सर्व जण एका साच्यातले नसतात. काही जण आधी उत्तम सांभाळत असतात. मग नोकरी जाते, जोडीदार जातो, स्वतःचे गुडघे दुखू लागतात आणि पसारा आवरेनासा होतो. असे लोक मदत स्वीकारतात. काहींना मात्र वाटते की आपण सोडले तर हे प्राणी मरतील, जगात दुसरे कोणी त्यांना बघणार नाही. अशांना ‘नाही’ म्हणता येत नाही आणि त्यांच्या या स्वभावाची कीर्ती पसरली की लोक पिल्लांची खोकी त्यांच्याच दारात आणून ठेवतात. त्या खोक्यांचा हिशेब कोणी विचारत नाही. गर्दीच्या घरावर नाक मुरडणाऱ्या शहरानेच ती गर्दी थोडी थोडी करून तिथे नेऊन ठेवलेली असते.

बातमी वाचून दुरून कोणाला आजारी ठरवणे योग्य नाही. पण आपल्या ओळखीच्या घरात असे काही घडत असेल तर टोमणे आणि धमक्यांचा उपयोग होत नाही, दार आणखी घट्ट बंद होते. सगळे प्राणी एका दिवसात उचलून नेले आणि माणसाकडे कोणी पाहिलेच नाही, तर काही महिन्यांत पुन्हा तेच सुरू होण्याचा धोका मोठा असतो. पशुवैद्याबरोबर मानसोपचारतज्ज्ञही हवा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे.

कायदा कुठवर येतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा किती प्राणी पाळावेत याचा आकडा सांगत नाही. पुरेसे खाणे, पाणी, निवारा न देणे हा मात्र त्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड आजही १० ते ५० रुपये. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हाही गुन्हाच आहे, त्यामुळे ‘जास्त झाली, नेऊन सोडा कुठेतरी’ हा शेजाऱ्यांचा सल्ला कायद्यात बसत नाही. शिवाय त्यातून आजार गल्लीभर पसरतात. दुसऱ्या बाजूला, सोसायटी पाळीव प्राणी ठेवण्यावर सरसकट बंदी घालू शकत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. पुणे महापालिकेने २०२२ च्या अखेरीस कुत्र्यांप्रमाणे मांजरांचीही नोंदणी बंधनकारक केली. वार्षिक शुल्क अवघे ५० रुपये ठरले. नोंदणीसाठी रेबीजची लस लागते, त्यामुळे आपल्या घरात खरोखर किती मांजरे आहेत, हे मोजण्याची वेळ त्या निमित्ताने तरी येते.

आपली मर्यादा कशी ओळखायची?

पुढचे मांजर घरात घेण्याआधी हे प्रश्न स्वतःला विचारावेत आणि उत्तरे कागदावर लिहावीत.

घरातल्या प्रत्येक मांजराची नसबंदी झाली आहे का? एकाचीही राहिली असेल, तर नवे आणण्याआधी ती करावी.

काल कोणते मांजर किती जेवले, हे प्रत्येकाबद्दल सांगता येते का? येत नसेल तर संख्या आधीच जास्त आहे.

प्रत्येकामागे रोज १५ मिनिटे, मी आजारी पडलो तरी, कोण देईल?

उद्या एकाला शस्त्रक्रिया लागली, तर दहा-पंधरा हजार रुपये कोणाकडे न मागता काढता येतील का?

पाहुणा घरात आल्यावर नाकाला रुमाल लावतो का?

मी पंधरा वर्षांनी किती वर्षांचा असेन? माझ्यामागे या मांजरांना कोण घेईल, आणि त्याला हे विचारले आहे का?

यातल्या दोन उत्तरांनाही अडखळायला झाले तर नवे मांजर थांबवावे. आहेत त्यांची नसबंदी, लस आणि नोंदणी पूर्ण करावी. ज्यांना दुसरे घर मिळू शकते, अशा तरुण आणि निरोगी मांजरांसाठी ते शोधावे. म्हातारी आणि आजारी मांजरे स्वतःकडे ठेवावीत, कारण त्यांना कोणी नेणार नाही. रस्त्यावरच्या मांजरांसाठी काही करायचेच असेल, तर दोन पिल्ले घरी आणण्याऐवजी तेवढ्याच पैशांत गल्लीतल्या दोन माद्यांची नसबंदी करून त्यांना त्यांच्याच जागी सोडावे. पुढच्या दिवाळीपर्यंत जन्मून मरणारी डझनभर पिल्ले त्यातून वाचतात.

आणि पावसाळ्यात पार्किंगमध्ये पिल्लू सापडले, तर ‘त्या ताईंकडे आहेत ना पुष्कळ, त्यांना एक जड नाही’ असे म्हणून खोके त्यांच्या दारात ठेवू नये. त्या ताईंना आज विचारावे, लिटरची पिशवी आणून देऊ का, की एका मांजरीच्या नसबंदीचे पैसे भरू?